पाठ नसलेलं स्टूल मागितलंत, त्याबद्दल

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आमच्या सत्तरी तालुक्यात तुम्ही कोण ते कळायचं त्यांना कळेलच.

नागीण गेली, फोड सुकले, आग तेवढी राहिली. पाठीपासून डाव्या कुशीपर्यंत पट्टा. ब्लाऊजची शिवण घासली तरी जीव जातो, आणि वरून बघाल तर काही नाही. कुणी गेरूचा लेप सांगितला, कुणी मंत्र. त्यांचा राग नाही, मायेनं सांगत होते. राग आहे तो मान वर न करता "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन रमवा" म्हणणाऱ्या डॉक्टरांचा. आणि त्या पुढाऱ्याचा, ज्याने हसत विचारलं, "बाई, दुखतं म्हणून काय विधानसभेत जायचं?"

तुम्ही मात्र मला घेऊन सरळ आमदारांकडे गेलात. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली, ती यादी २०२२ पासून लागू आहे. केरळने वेदनाशमनाच्या सेवेचं धोरण २००८ मध्येच केलं. मॉर्फिनसारख्या औषधांच्या परवान्यांचा जाच कमी व्हावा म्हणून केंद्राने २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. माझी गोळी वेगळी, मला मॉर्फिन लागत नाही. पण ज्या घरात कॅन्सरचा माणूस रात्रभर कण्हतो, तिथे त्याचं मोल विचारा. तुमचं मागणं एवढंच, की तालुक्याच्या ठिकाणी वेदनेची ओपीडी हवी. वाळपईहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाताना बसचा एकेक खड्डा पाठीत उतरतो, ते मी वेगळं काय सांगू?

पण मी विसरणार नाही ते दुसरंच. केबिनमध्ये सगळे मला सोफा दाखवत होते, "आरामात बसा, टेका." मी अवघडून उभी. तुम्ही बोलणं न थांबवता शिपायाला म्हणालात, "एक स्टूल आणा, पाठ नसलेलं." बस्स. "ह्यांना असं होतं, तसं होतं" असलं काही सांगत बसला नाहीत. मला टेकता येत नाही हे मी कधीतरी तुमच्या ओसरीवर सहज बोलले होते. तुम्ही ते लक्षात ठेवलंत.

मदत करणारे आपल्याकडे कमी नाहीत हो. पण बहुतेकांना आधी सगळी हकीकत वदवून घ्यायची असते, डोळ्यांत पाणी आलं की मगच हात पुढे येतो. मला त्या दिवशी काहीच सिद्ध करावं लागलं नाही. स्टुलावर बसले आणि माझं मी बोलले, न रडता.

अधिवेशनात प्रश्न लागतो का बघू. नाही लागला तर परत जाऊ, मला हाक मारा. आणि चवथीला घरी या. नेवऱ्या सून करते, मी नुसती शेजारी बसून चुका काढते.

तुमची,
वाळपईची एक बाई