पाचटावर युरिया फोकू नका

महोदय,
उसाच्या खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, न जाळता सरीत ठेवणारे शेतकरी वाढताहेत, याचा आनंद आहे. पण आमच्या शिवारात त्या ओल्या पाचटावरच युरिया फोकून पाटपाणी सोडतात. बराचसा नत्र अमोनिया होऊन उडतो. खालच्या चिंब मातीत हवा खेळत नाही, तिथे जिवाणू नायट्रेटपासून (मातीत नत्राचं होणारं एक रूप) नायट्रस ऑक्साइड तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २१ किलो, आणि तोही असा हवेत! पहारीनं बुडख्याजवळ भोक पाडून खत मातीआड करा, हप्त्यांत विभागून द्या. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांनी हे बांधावर येऊन करून दाखवावं, लागणीच्या नोंदी घेताना येतातच की.

– एक ऊस उत्पादक, शिरोळ (जि. कोल्हापूर)