रत्नागिरीच्या मत्स्यालयातल्या त्या सर्वांचे आभार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय पाहायला गेलो होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. सुट्टीमुळे गर्दी खूप होती.

माझ्या लेकीला कमी ऐकू येतं. गोंगाटात तिचं श्रवणयंत्र फारसं कामाचं नसतं, म्हणून ती ओठ वाचते. विदूषक माशाच्या टाकीपाशी माहिती सांगणाऱ्या मुलीच्या हे आपणहून लक्षात आलं. ती खाली बसली, लेकीकडे तोंड करून सावकाश बोलू लागली. समुद्रफुलाचे, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचे, दंश या माशाला का बाधत नाहीत (त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे!), हे सगळे मासे आधी नर असतात आणि गटातला सर्वांत मोठा मादी होतो, हे तिने वहीत चित्र काढून समजावलं. मागे रांग खोळंबली होती, पण कुणीही कुरकुर केली नाही. त्या अनोळखी मंडळींचेही आभार.

देवमाशाच्या सांगाड्यापाशी सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा पहारेकरी काकांनी स्वतःची खुर्ची दिली आणि पाणीही आणून दिलं. परतताना रिक्षावाल्या दादांनी झोपलेल्या धाकट्याला उचलून थेट खोलीपर्यंत पोहोचवलं.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं. लेक आता शाळेत सगळ्यांना विदूषक माशाबद्दल सांगते, तुमचं चित्र दाखवून. मनापासून धन्यवाद.