काकूंचा सोनटक्का

पुणे, १४ ऑगस्ट

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही, ते आळसामुळे नव्हे. जे सांगायचे होते ते लिहायला हात धजत नव्हता. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. माझा गुडघा होता तसाच आहे.

काकूंचा सोनटक्का कुजला. सगळा नव्हे, पण निम्म्याहून अधिक कंद गेला. राजापूरचे घर विकले गेले आणि नव्या मालकाने परसात फरशी घातली, तेव्हापासून त्या बेटाचा वंश माझ्या गॅलरीतल्या अर्ध्या पिंपाखेरीज कुठेही उरलेला नाही. घरातले म्हणतात, रोपवाटिकेतून दुसरा आणू. दुसरा मिळेल, फुलेलही; पण काकूंनी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या आईच्या हातात दिलेला कंद कोणत्या रोपवाटिकेत मिळणार? हे तुझ्यावाचून कोणाला सांगू?

दोन वर्षे त्याला एकही फूल आले नव्हते. दांडे छातीएवढे उंच, पाने हिरवीगार आणि शेंडा रिकामा. मला वाटले, झाडाला भूक आहे. म्हणून मी शेणखत घातले, पेंडीचे पाणी घातले, आणि जो जो खत घालावे तो तो पानेच वाढत गेली. खरे पाहता समोरच्या नव्या इमारतीने सकाळचे ऊन अडवले होते आणि आत कंदाला हलायला जागा नव्हती. त्यातच मुळांनी पिंपाच्या तळाचे भोक बुजवले. जुलैच्या संततधारेत पानांचे शेंडे पिवळे पडले, तेव्हाही मी खतच घातले. मग एका रविवारी कललेल्या दांड्याला काठीचा आधार द्यायला गेलो, तर तो मुळाशी सुटून अलगद हातात आला आणि पाठोपाठ असा कुजका वास आला की पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली.

पिंप आडवे करून गड्डा बाहेर काढला. सगळे कंद एकमेकांवर चढून पिंपाच्या आकाराचे झाले होते. वरचे टणक, आल्यासारखे वास देणारे. तळाचे मात्र बोटाने दाबले की तपकिरी लगदा होत होता.

तुमच्या परसातली न्हाणी आठवते ना? आंघोळीचे पाणी आधी अळवाला, मग सोनटक्क्याला आणि तिथून उतारावरून पोफळींत जाई. सोनटक्का दिवसभर पाणी पीत असे, पण त्याच्या पायाशी ते कधी तुंबले नाही. मी पाण्याची आवड तेवढी लक्षात ठेवली. पाण्याची वाट विसरलो.

आणि आपले भांडण आठवते? फुलून गेलेला दांडा काकू कोयत्याने मुळाशी कापत, तेव्हा मी रडलो होतो आणि तू म्हणाला होतास, “तो पुन्हा फुलत नाही, नव्याला जागा हवी.” त्यावरून आपण गौरीविसर्जनापर्यंत अबोला धरला, शेवटी तुझ्या वाटणीचे घावनही मीच खाल्ले तेव्हा तू भांडायला का होईना, बोललास! वसंता, तुझेच बरोबर होते. गॅलरीतला एकही जुना दांडा मी इतक्या वर्षांत कापला नाही. ती दाटी माझ्या हातून झाली.

आता केले ते सांगतो. कुजका भाग पांढरा गाभा लागेपर्यंत कापून टाकला, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राखले, कापांना राख लावून दोन दिवस सावलीत सुकू दिले. सात तुकडे निघाले. पसरट कुंड्यांत माती, वाळू आणि जुने शेणखत घेऊन ते आडवे, जेमतेम दोन इंच खोल लावले. तळाला चार-चार भोके पाडली. कुंड्या गच्चीवर नेल्या आहेत, तिथे अकरापर्यंत ऊन असते. हा हळद-आल्याच्याच कुळातला असल्याने धीर वाटतो. क्यूबाचे ते राष्ट्रीय फूल आहे आणि हवाई बेटांत तो रानात माजतो म्हणून उपटून टाकतात, असे वाचले. इतके चिवट झाड माझ्याकडेच का रुसावे, या विचाराने रात्री दोनदा उठून गच्चीवर गेलो.

तुझ्या निवृत्तीचे कळले, आनंद झाला. चिरंजीवांच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असेल.

यंदा गौरींना घरचे फूल नाही. काल मात्र तिसऱ्या कुंडीत मातीला चीर गेलेली दिसली. वाकून पाहिले तर नखाएवढा कोंब होता. सातांपैकी दोन तुझे. आत्ता हलवणार नाही. चैत्रात मी स्वतः इंदूरला घेऊन येईन. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारची सावली लागेल, तेव्हा अंगणातल्या नळाजवळची, पाणी वाहून जाईल अशी जागा आतापासून राखून ठेव. आणि कोयता तुझ्याच हाती राहू दे.

तुझा,
दिगंबर