सीझर रॉडनी अर्धेच का सांगायचे?

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५० वर्षांनिमित्त छापलेल्या लेखात डेलावेअरच्या सीझर रॉडनी यांचे नाव वाचून फार बरे वाटले. पण घोड्यावरून रातोरात आलेला माणूस, एवढ्यावरच त्यांची बोळवण झाली, म्हणून हे पत्र.

१ जुलै १७७६ रोजी ब्रिटनपासून स्वातंत्र्याच्या ठरावावर मत द्यायला फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये डेलावेअर या वसाहतीचे दोनच प्रतिनिधी हजर होते. टॉमस मकीन स्वातंत्र्याच्या बाजूचे, जॉर्ज रीड विरोधातले. त्यामुळे वसाहतीचे मत कोणत्याच पारड्यात पडेना. तिसरे रॉडनी. ते मिलिशियाचे, म्हणजे गावोगावच्या शेतकरी-कारागिरांतून उभ्या केलेल्या सैन्याचे ब्रिगेडियर जनरलही होते आणि राजनिष्ठांच्या, म्हणजे ब्रिटिश राजाच्या पाठीराख्यांच्या गडबडीमुळे घरच्या प्रांतात अडकले होते. मकीन यांचा निरोप येताच ते निघाले. वाट सुमारे ७०-८० मैलांची, त्यात वादळी पाऊस आणि निघालेला माणूस ४७ वर्षांचा, दम्याने बेजार, चेहऱ्याच्या कर्करोगाने पोखरलेला! २ जुलैला ते पोचले आणि डेलावेअर दोन विरुद्ध एक मतांनी स्वातंत्र्याच्या बाजूला आले. त्या दिवशी ठरावाच्या बाजूने १२ वसाहती, विरोधात एकही नाही. न्यूयॉर्क तेवढे तटस्थ राहिले. ४ जुलैला भावाला लिहिताना रॉडनी यांनी मात्र स्वतःबद्दल एवढेच कळवले की, मेघगर्जना आणि पावसाने खोळंबलो, तरी मत द्यायला वेळेत पोचलो.

काँग्रेसमधले सहकारी आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स यांनी १७७४ मध्येच रोजनिशीत त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. उंच, बोरूसारखे सडपातळ, फिकट. चेहरा मोठ्या सफरचंदाएवढा, पण त्यावर बुद्धी, तेज आणि विनोद. ते वाचताना माणूस समोर उभा राहतो.

पुढचे कोणी सांगत नाही. रॉडनी यांच्याच केंट परगण्याच्या मतदारांना हे मत रुचले नाही आणि त्याच वर्षी राज्यघटना परिषदेच्या निवडणुकीत त्यांनी रॉडनी यांना नाकारले. ते रुसून घरी बसले नाहीत. हिवाळ्यात ट्रेंटनला जाऊन मिलिशियाचे काम पाहू लागले. १७७८ ते १७८१ राज्याचे प्रमुखपद सांभाळले. अखेरच्या आजारात, १७८४ मध्ये, विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे सभापतिपदही त्यांच्याकडेच होते. माझ्या मते त्या रात्रीच्या दौडीपेक्षा ही आठ वर्षे मोठी आहेत.

आणि एक गोष्ट झाकून चालणार नाही. रॉडनी गुलामांचे मालक होते. त्यांची शेती गुलामांच्या श्रमावर चाले. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन शहराच्या चौकातला १९२३ सालचा त्यांचा अश्वारूढ पुतळा जून २०२० मध्ये हलवला गेला, तो याच कारणाने. १९९९च्या पाव डॉलरच्या नाण्यावर घोडा आणि स्वार तेवढे दिसतात. वर्तमानपत्राला नाण्याइतकी जागेची अडचण नाही. रॉडनी यांच्यावर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे