टीबीचा चुलतभाऊ

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तुटक बोललो, राग मानू नकोस. ओम शेजारीच बसला होता. आता झोपलाय.

त्याच्या बेडक्यात एएफबी, म्हणजे रंग दिल्यावर लाल दिसणारे टीबीच्या जातकुळीतले जंतू, निघाले. एका डॉक्टरांनी लगेच टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स लिहून दिला, मी गोळ्या आणल्यासुद्धा. पण जीनएक्सपर्टमध्ये, म्हणजे टीबीच्या जनुकीय तपासणीत, टीबी नव्हता. ओमच्या सिस्टिक फायब्रोसिसवाल्या, म्हणजे त्याच्या त्या घट्ट कफाच्या जन्मजात आजाराच्या, मॅडमनी गोळ्या थांबवल्या. म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू आणि हा, दोघंही लालच दिसतात, हा टीबीचा चुलतभाऊ. एनटीएम, म्हणजे त्याच कुळातला पण टीबी न करणारा जंतू. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, पूर्ण नाव आलं, मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना हा भीक घालत नाही.

असतो म्हणे मातीत, नळाच्या पाण्यात, शॉवरमध्ये. तुझ्या-माझ्या छातीत त्याची डाळ शिजत नाही. ओमचा कफ मात्र डिंकासारखा, तिथे ठाण मांडतो. आठवतं, आई त्याचा पापा घेऊन म्हणायची, "पोरगं खारट आहे रे"? आपण हसायचो. पुढे घामातलं क्लोराइड 60 च्या वर निघालं, त्यावरूनच सिस्टिक फायब्रोसिस कळला.

आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू होतं, तेही बंद केलं. एकटंच देत राहिलं तर जंतू त्याला सरावतो.

उपचार अजून सुरू नाहीत. जंतू एकदा सापडला म्हणजे आजार झालाच असं नाही. वेगवेगळ्या वेळच्या दोन बेडक्यांत यायला हवा, शिवाय सीटी आणि तब्येत बघतात. सुरू झालेच तर आधी शिरेतून अमिकासिन वगैरे, मग गोळ्या आणि नेब्युलायझर, कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही वर्षभर. आणि अमिकासिननं ऐकू येणं कमी होऊ शकतं. तबला वाजवणारं पोर, सुध्या! सम चुकली की माझ्याकडे रागानं बघणारं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरात शॉवर काढून टाकला, बादली-तांब्या चालू. नेब्युलायझरचे भाग मी रोज उकळतो. हिच्या कुंड्यांना हात लावायची ओमला बंदी. ओपीडीतल्या दोस्ताला भेटणंही बंद, कारण सिस्टिक फायब्रोसिस असलेल्यांत एकमेकांचे जंतू जाऊ शकतात. त्यावर मात्र तो दोन दिवस बोलला नाही.

उद्या पहाटे दुसरा नमुना. मिठाच्या पाण्याची वाफ, मग मी पाठ थोपटतो, तो खाकरतो. मागच्या वेळी डबी उजेडात धरून म्हणाला, "बाबा, आज भरपूर आहे," जणू पेपरात मार्क पडले.

शनिवारी ये. सर्दी असेल तर मात्र येऊ नकोस.

तुझा,
बाळ्या