सगळे ‘आर’ आणि तीन ‘एस’

प्रिय मित्रा,

काकांच्या युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट रात्रीच पाहिला. ‘खाली सगळे आर-आरच दिसतात, आता औषधच उरलं नाही का?’ हे तू ज्या सुरात विचारलंस, त्यावरून तुझी झोप उडाली असणार हे कळलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, आर म्हणजे ‘रेझिस्टंट’, औषधाला दाद न देणारा. पण म्हणून काकांचं शरीर औषधाला निर्ढावलंय असं नव्हे. निर्ढावलेत ते जंतू. आमच्याकडे लॅबमध्ये सकाळी इन्क्युबेटर उघडला की जंतू वाढवायच्या मॅकॉन्कीच्या प्लेटवर ई. कोलाय या जंतूच्या गुलाबी कॉलनी (वसाहती) टिकल्यांसारख्या दिसतात. त्यातला कण दुसऱ्या प्लेटवर सारवून वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं की आपण ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतो. काकांच्या बाबतीत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफोटॅक्सिमच्या चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढलेत. त्या ‘आर’चा अर्थ एवढाच. पण खालच्या ओळी पाहिल्यास का? नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन आणि मेरोपेनेम, तिन्ही एस, म्हणजे ‘सेन्सिटिव्ह’, जंतूंवर चालणारी. पहिली दोन औषधं जुनी आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन तर १९५३ पासून वापरात आहे. मात्र ते लघवीत साठतं, रक्तात पुरेसं टिकत नाही. म्हणून मूत्राशयापुरतं चालतं, संसर्ग किडनीपर्यंत चढला असेल तर नाही.

रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ लिहिलंय ते या जंतूंनी बनवलेलं एक एन्झाइम. पेनिसिलिन आणि बहुतेक सेफालोस्पोरिन औषधांच्या रेणूत जे छोटं कडं असतं, ते हे एन्झाइम फोडून टाकतं. त्याची जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या एका सुट्या तुकड्यावर, असतात आणि प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं, अगदी ई. कोलायकडून क्लेबसिएला या दुसऱ्या जातीच्या जंतूकडेसुद्धा. वॉर्डात आधीच अँटिबायोटिक्सचा मारा चालू असतो. साधे जंतू मरतात आणि रान मोकळं मिळतं ते अशांना.

आता खरा मुद्दा. काकांना ताप आहे का? थंडी, कमरेत दुखणं, ओटीपोटात कळ? तू लिहिलंस की काहीच नाही, लघवी जरा गढूळ दिसली म्हणून नर्सने सॅम्पल पाठवलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे म्हटल्यावर जंतू सापडणारच. नळी आत असली की रोज तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत ते नव्याने शिरतात. नळीला आतून चिकट थर धरून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि तिथे औषध नीट पोचत नाही. ‘एका मिलीला एक लाख’ जंतू म्हणजे संसर्ग, हा आकडा एडवर्ड कास या अमेरिकन डॉक्टरांनी १९५० च्या दशकात रूढ केला, तो नळी नसलेल्या रुग्णांच्या लघवीवरून. नळीवाल्यांमध्ये तो काहीही आजार नसताना ओलांडला जातो. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या, तर लक्षणं नसताना नुसत्या जंतूंवर उपचार करत नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चटका बसल्यावर शिकलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजींच्या लघवीत क्लेबसिएला निघाला. मी उत्साहाने वॉर्डात फोन करून आकडा सांगितला. ताप आहे का, हे विचारलंच नाही. आणि सॅम्पल कुठून घेतलं, तेही नाही. नंतर कळलं, ते लघवी साठणाऱ्या पिशवीतून घेतलेलं होतं, जिथे जंतू तसेही वाढतात! आजींना मोठं अँटिबायोटिक सुरू झालं. आठवड्याने सी. डिफिसाइलचे, म्हणजे अँटिबायोटिकनंतर आतड्यात फोफावणाऱ्या एका जंतूचे, जुलाब लागले आणि त्या पार गळून गेल्या. घरी गेल्या खऱ्या, पण त्या फोनची आठवण आली की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

तेव्हा उद्या राउंडला डॉक्टर आले की आधी औषधाचं काढू नकोस. ऑपरेशनला नऊ दिवस झालेत, ही नळी आज काढता येईल का, असं विचार. ठेवायचीच म्हणाले तर का, ते नीट समजून घे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली असू दे, जमिनीला टेकू देऊ नकोस. आणि ताप चढला किंवा काका बरळायला लागले, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना सांग. मग गोष्ट वेगळी. त्या वेळी नळी बदलून नव्या नळीतून पुन्हा सॅम्पल घ्यायला सांग.

काय म्हणाले ते कळव. दुपारी दोननंतर प्लेटा वाचून झालेल्या असतात, केव्हाही फोन कर.

तुझाच,
लॅबवाला