आमची जमीन घेताना कागद होता, आता कुठे गेला? महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

परवा सोमवारी एका तालुक्याच्या अभिलेख कक्षातून मला एका ओळीचं उत्तर मिळालं. 'सदर गावाचे जुने अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाहीत.' खाली सही, शिक्का. आमच्या गावाच्या जुन्या कागदांसाठी ही माझी नववी फेरी होती. पहाटे पाचला रायगड जिल्ह्यातून निघायचं, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद खिडकीसमोर उभं राहायचं. माझं वय अठ्ठावन्न आहे आणि गुडघे दुखतात. यापूर्वीच्या 1 ऑगस्टला, महसूल दिनाच्या शिबिरात, याच कामासाठी एका अधिकाऱ्यांनी 'पंधरा दिवसांत नक्कल देतो' असं पन्नास माणसांसमोर सांगितलं होतं. मी त्यांना हात जोडले होते.

आमचं गाव जावळी तालुक्यात होतं. होतं, कारण आता ते कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. धरणात शंभराच्या घरात गावं गेली. आमच्या लोकांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आणून बसवलं. 1981 साली त्याचं नाव रायगड झालं. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून एक कागद आहे, 1894 च्या भूसंपादन कायद्याची कलम 9 ची नोटीस, म्हणजे सरकार जमीन घेतंय, तुमचा हक्क सांगा असं कळवणारी. त्यावर आजोबांचं नाव आहे, सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. बांधावरच्या दोन आंब्यांचीसुद्धा नोंद आहे. म्हणजे घ्यायच्या वेळी सरकारला आमचा आंबा न् आंबा ठाऊक होता. आज त्याच माणसाचा बाप कोण, आजा कोण, जात काय लिहिलीय, हे विचारलं तर दप्तर आढळून येत नाही.

हे मला कशाला हवंय तेही सांगते. माझ्या भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय आणि कुणबी जातीची वैधता हवी आहे. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. वडील शाळेत गेले नाहीत, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. मग उरतो गाव नमुना 14, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. त्यात नाव, बापाचं नाव आणि जात एका ओळीत असते. उरतात जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, हक्क नोंदी आणि खुद्द संपादनाचा निवाडा, म्हणजे कुणाची किती जमीन घेतली आणि काय भरपाई ठरली याचा आदेश. हे सगळं सरकारच्या ताब्यात. पण 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्याचं कलम 8 म्हणतं, सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. कागद तुम्ही ठेवायचा, हरवायचाही तुम्ही आणि त्याची शिक्षा अठरा वर्षांच्या पोरीनं भोगायची? हा कुठला न्याय, साहेब?

माहिती अधिकारात विचारलं. तीस दिवसांचं उत्तर सत्तर दिवसांनी आलं : 'शेजारच्या कार्यालयाकडे चौकशी करावी.' शेजारच्यांनी भूसंपादन शाखेकडे पाठवलं. भूसंपादन शाखा म्हणाली, पुनर्वसनाकडे जा. पुनर्वसनवाले म्हणाले, मूळ गावचं दप्तर मूळ जिल्ह्यातच असणार. संकेतस्थळावर बघावं तर गावाच्या यादीत आमचं गावच नाही. गाव बुडालं म्हणून त्याचं नावही यादीतून काढायचं का?

तिसऱ्या फेरीत एका भल्या कारकुनानं, नाव घेत नाही, उगाच त्यांना त्रास व्हायचा, धुळीतून एक फाटकं बाड काढून दिलं. अर्धं मोडीत. मला मोडी येत नाही. बाहेरच्या मोडी वाचकानं चार पानांचे दोन हजार घेतले. ती चार पानं मी किती वेळा वाचली असतील याची गणती नाही. 'धोंडू बिन राघू मयत, वारस मुलगा गोविंदा, अ.पा.क. आई भागू कोम धोंडू.' बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा. म्हणजे माझे पणजोबा वारले तेव्हा आजोबा अज्ञान होते आणि जमिनीच्या दप्तरात माझी पणजी उभी राहिली. तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं तर ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'भागू. आज्जीला सगळे म्हातारीच म्हणायचे गं.' चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आपल्या आजीचं नाव सरकारी कागदातून कळलं.

आणि ते बाडसुद्धा आता 'आढळून येत नाही'. डिसेंबरात मी हातात धरलेलं बाड या सोमवारी नाही. वाळवीनं खाल्लं, रद्दीत गेलं की कुणी नेलं? विचारलं तर साहेब उठून गेले.

1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव लावायचा निर्णय सरकारनं घेतला, चांगलं केलं. पण आमच्या खोऱ्यातल्या ज्या बायांची नावं शंभर वर्षांपूर्वीच्या तलाठ्यानं 'कोम' लावून का होईना लिहून ठेवली, ती कुजतायत. 1848 ला सातारचं राज्य खालसा झालं आणि मग इंग्रजांनी आमची डोंगरउतारावरची शेतं साखळीनं मोजली, ती सारा वसूल करायला. त्यांचा हेतू काही चांगला नव्हता. तरी त्यांनी लिहिलेलं टिकलं आणि आपल्या माणसांच्या राज्यात गेलं. सगळीकडे हेच. रेशनकार्डाला पुरावा, पेन्शनीला पुरावा, प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याला पुरावा. ज्यांनी मुंबई-पुण्याच्या विजेसाठी घरं सोडली, त्यांनीच आपण होतो हे जन्मभर सिद्ध करत बसायचं.

माझं मागणं मोठं नाही. कोयनेत बुडालेल्या प्रत्येक गावाचं दप्तर आज कोणत्या कार्यालयात, कोणत्या कपाटात आहे याची यादी लावा. निवाडे आणि नमुना 14 आधी स्कॅन करा. तालुक्याला पगारी मोडी वाचक द्या. कागद खरंच नष्ट झाला असेल तर कोणत्या साली, कुणाच्या आदेशानं, हे लिहून द्या आणि मग तो पुरावा त्या पोरीकडे मागू नका. तिच्या प्रवेशाची मुदत संपायला एकवीस दिवस उरलेत.

आजीचं, म्हणजे गोविंदाच्या बायकोचं, माहेर कुठलं तेही त्या कोतवाल बुकात मिळेल असं वडिलांना वाटतं. ते रोज संध्याकाळी विचारतात, 'आला का गं कागद?'

आपली,
कोयना प्रकल्पग्रस्ताची एक मुलगी